यंत्राची बॅटरी आणि बाईची पाळी



घरबसल्या मागवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात येते. ती जिथून निघते त्या मोठ्या गोदामांपैकी अनेक ठिकाणी आता माणसे फडताळांकडे जात नाहीत, फडताळेच माणसांकडे येतात. चाकांवरचे बुटके रोबो फडताळाखाली शिरतात, ते उचलतात आणि टेबलापाशी उभ्या असलेल्या कामगारासमोर आणून ठेवतात. तिने वस्तू काढायची, यंत्राला दाखवायची, डब्यात टाकायची. तोवर पुढचे फडताळ हजर असते. अमेरिकेतल्या किव्हा कंपनीने ही पद्धत रुळवली. २०१२ मध्ये ॲमेझॉनने ७७.५ कोटी डॉलरला ती कंपनीच विकत घेतली. आपल्या गोदामांतील रोबोंची संख्या १० लाखांवर गेल्याचे ॲमेझॉनने २०२५ मध्ये जाहीर केले. भारतातही ग्रेऑरेंजसारख्या कंपन्या असे रोबो बनवतात.

स्त्रियांच्या नियतकालिकात हा विषय कशाला, असे कुणी विचारील. कारण हा प्रश्न यंत्रांपेक्षा वेळेचा आहे, आणि आपला वेळ दुसऱ्याने वाटून देण्याचा अनुभव बायकांइतका कुणालाच नाही.

रोबोंना काम कसे वाटतात ते पाहू. समजा दोन रोबो आहेत आणि दोन फडताळे आणायची आहेत. पहिल्या रोबोला जवळचे फडताळ २ पावलांवर आहे, लांबचे ३ पावलांवर. दुसऱ्याला तीच फडताळे ३ आणि १० पावलांवर आहेत. पहिल्याला जवळचे दिले तर दुसऱ्याला १० पावले पडतात, एकूण १२. उलट केले तर प्रत्येकी ३, एकूण ६. अशा वाटणीची गणिती रीत हॅरॉल्ड कून यांनी १९५५ मध्ये मांडली. आज संगणक शेकडो रोबोंसाठी असे हिशेब सतत करतो. कोणी कोणत्या वाटेने जायचे, चौकात कोणी थांबायचे, कोणाची बॅटरी उतरली, कोणाला चार्जिंगला पाठवायचे, हे सारे त्या वेळापत्रकात असते. चार्जिंगला गेलेल्या रोबोला कुणी कामचुकार म्हणत नाही.

टेबलापाशी उभ्या असलेल्या बाईचे काय? हिशेबात ती असते, पण केवळ एक वेग म्हणून. ताशी इतक्या वस्तू. दोन वस्तूंमध्ये जास्त सेकंद गेले की ‘कामाबाहेरचा वेळ’ म्हणून नोंद होते. तिला तहान लागते, लघवीला जावे लागते, तिचे खांदे भरून येतात. मराठीत ‘पाळी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. वेळापत्रकाला त्यातली एकच पाळी ठाऊक असते.

यंत्रांनी पायपीट वाचवली हे खरेच आहे. पण वाचलेला वेळ कामगाराच्या वाट्याला आला नाही, त्या वेळात आणखी वस्तू भरल्या गेल्या. ‘रिव्हील’ या अमेरिकी शोधपत्रकारितेच्या संस्थेने २०२० मध्ये ॲमेझॉनच्याच अंतर्गत नोंदी प्रसिद्ध केल्या. २०१६ ते २०१९ या काळात रोबो असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचे प्रमाण इतर गोदामांपेक्षा ५० टक्क्यांहून अधिक असल्याचे त्यात दिसले. कंपनीने हा निष्कर्ष मानला नाही.

जाच रोबोमुळेच होतो असेही नाही. २०२४ मध्ये हरियाणातील मानेसरच्या गोदामाची बातमी आली. ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी प्यायला वा लघवीला जाणार नाही, अशी शपथ तिथे कामगारांना घ्यायला लावल्याचे तीत म्हटले होते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेऊन केंद्रीय श्रम मंत्रालयाला नोटीस काढली. तिथे माणूसच शपथ देत होता. उद्या हेच काम संगणक करील, आणि शपथेची गरजही उरणार नाही.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवू या. कमी काय करायचे हे संगणक ठरवत नाही. पावले कमी करायची, वेळ कमी करायचा की पाठदुखी कमी करायची, हे मालक ठरवतो आणि संगणकाला सांगतो. बॅटरीची गरज हिशेबात बसते, मग बाईची गरजही बसू शकते. ती गणिताला जड नाही, नफ्याला जड आहे.

घरातही हेच चालते. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकामात बाई दिवसाला २८९ मिनिटे घालवते, पुरुष ८८. गोदामातली पाळी लावणाऱ्याला ही मिनिटे दिसत नाहीत. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी संमतीने स्त्रियांना रात्रपाळी खुली केली. पण वेग किती, विश्रांती किती, हे ठाऊक नसताना दिलेली संमती कसली?

मार्ग आहेत. कॅलिफोर्नियात २०२२ पासून लागू असलेल्या कायद्याने गोदामातला ठरीव वेग कामगाराला लेखी कळवणे बंधनकारक केले. जेवण, विश्रांती वा शौचालय यांच्या आड येणारा वेग लादता येत नाही, आणि शौचालयापर्यंत जाण्यायेण्याचा वेळही त्यात धरला आहे. कामगार आपल्या वेगाच्या नोंदी मागू शकते. आपल्या महाराष्ट्रात तर १९६९ चा माथाडी कायदा आहे. हमालांनी मालकाला मंडळासमोर आणून बसवले, पोत्याच्या वजनावर मर्यादा मागितली. पोत्याचे वजन निदान डोळ्यांना दिसत होते. ताशी वेगाचे वजन दिसत नाही, ते आधी कागदावर आणावे लागेल.

भिवंडीत, चाकणला, नागपूरजवळ आपल्या बहिणी गोदामांत काम करतात, बहुतेक कंत्राटदाराकडे. गटांनी त्यांना भेटावे आणि साधे प्रश्न विचारावेत. ताशी किती वस्तू? हा आकडा कुणी सांगितला, लिहून दिला का? शौचालय किती लांब आहे, जाऊन यायला किती मिनिटे लागतात, ती मिनिटे कुणाच्या खात्यात पडतात? गरोदर बाईचा वेग वेगळा धरतात का? उत्तरे लिहून काढा आणि आम्हाला कळवा. वेळापत्रक कुणीतरी माणसानेच लिहिलेले असते. ते पुन्हा लिहिताना आपण तिथे असले पाहिजे.