कानसेनाची श्रवणचाचणी

वाचकहो, या सदरातून कानांविषयी मी आपणांस आजवर जे सांगितले, ते कान फुटणे, मळ साचणे आणि कानात काडी न घालणे एवढ्यापुरतेच होते. आज ऐकण्याविषयी लिहितो आहे, आणि त्याची सुरुवात मला मुळीच न आवडलेल्या एका संगीतापासून करावी लागणार आहे.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी आमची कन्या पुण्याहून सोलापुरास आली होती. एका रात्री जेवणानंतर तिने एक ध्वनिमुद्रण लावले. “बाबा, हा राग ललत,” ती म्हणाली. मी भीमसेनांच्या कॅसेटींवर वाढलेला माणूस. मला ऐकू आला तो यंत्राचा अखंड ठोका आणि त्यावर रबरासारखा ताणला जाणारा एक विचित्र आवाज. हा ललत नव्हे, पूर्व भागातला यंत्रमाग आहे, असे मी दोन मिनिटांत जाहीर केले. “मग यंत्रमाग समजूनच ऐका,” ती शांतपणे उत्तरली.

हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या तालावर वाजवले होते. तबकडी निघाली, फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. त्या तीन यंत्रांतील एका लहानशा पेटीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, म्हणजे आपल्या मींडेची सोय होती. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच पेटीतून तसाच आवाज काढून नृत्यसंगीताचा एक नवा प्रकार रूढ केला. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने सिंग यांची तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा मुंबईतले हे काम पाच वर्षे आधीचे आहे हे पाहून जग चकित झाले. त्याही आधी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग नावाचा सिंथेसायझर बसवून दिला होता. गीता साराभाई आणि इतरांनी त्यावर केलेल्या प्रयोगांच्या फिती अनेक दशके संस्थेत पडून होत्या. त्यांतील निवडक २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या. तेव्हा हे सारे परदेशातून आलेले आजकालच्या मुलांचे खूळ आहे, हा माझा समज तिथेच संपला.

अपरिचित संगीत प्रथम त्रासदायक का वाटते? आपला मेंदू गाणे ऐकताना पुढचा स्वर कोणता येणार याचा सतत अंदाज बांधत असतो. अंदाज खरा ठरणे आणि मधूनच गमतीने चुकणे, यात आनंदाचा मोठा भाग आहे. ज्या संगीताचे नियमच ठाऊक नाहीत, तेथे प्रत्येक अंदाज चुकतो आणि माणूस वैतागतो. यावर उपाय एकच: तोच तुकडा चार-पाच वेळा ऐकणे. माझे तसेच झाले. सोलापूरकर म्हणून मला एक सवलतही मिळाली असावी. माझा दवाखाना यंत्रमागांच्या शेजारी आहे. त्या खडखडाटात कोणता माग अडला आणि कोणता नुकता सुरू झाला, हे मी खुर्चीवरून सांगू शकतो. तेच ते वाजत असताना सूक्ष्म बदल टिपायचा, हेच या संगीताचे मर्म आहे. पाचव्या रात्री मला ललत सापडला.

येथवर सारे सुखाचे होते. नंतर कन्येने तिच्या ओळखीच्या एका तरुणाने स्वतःच्या खोलीत संगणकावर रचलेला तुकडा लावला. “तो बारीक किणकिणाट किती सुंदर आहे, नाही?” मला किणकिणाट ऐकूच आला नाही. मी आवाज वाढवला. खालचा घुमारा फुगला, किणकिणाट नव्हताच. आमच्या सौ.ना मात्र तो स्वच्छ ऐकू येत होता. मी इअरफोनला दोष दिला.

चार दिवसांनी कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्राकडे श्रवणचाचणी केली. आलेखाची रेघ ३००० हर्ट्झपर्यंत सरळ चालून पुढे घसरत गेली होती. अंतःकर्णातील उंच स्वर टिपणाऱ्या केशपेशी प्रथम झिजतात आणि त्या पुन्हा येत नाहीत, हे मी असंख्य रुग्णांना सांगितले आहे. ‘स’, ‘श’, ‘थ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच उंच स्वरांवर अवलंबून असते. म्हणूनच ‘साठ’चा ‘आठ’ होतो. वर्षभर मी रुग्णांना “काय म्हणालात?” असे विचारीत होतो आणि दोष मागांना देत होतो. स्टेथोस्कोपमधील हृदयाचे ठोके खालच्या पट्टीतले असतात, त्यामुळे माझे दुखणे मलाच कळले नाही.

त्याहून बोचले ते निराळेच. चाळिशीतले यंत्रमाग कामगार माझ्याकडे येऊन म्हणत, “डॉक्टर, आवाज येतो, पण बोलणं कळत नाही.” कापसाचा बोळा घाला, असे सांगून मी त्यांना वाटेस लावी. कापसाने मागाचा खडखडाट फारसा अडत नाही. त्यासाठी कानात घट्ट बसणारे इअरप्लग किंवा कान झाकणारे संरक्षक मफ लागतात. आता अशा रुग्णास मी प्रथम श्रवणचाचणीची चिठ्ठी देतो.

आपणही हे संगीत ऐकून पाहावे, पण बेताने. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्यास ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला उरतात जेमतेम ४ तास. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर हा हिशेब मिनिटांवर येतो. घरी शक्यतो स्पीकरवर ऐकावे. इअरफोन वापरलाच, तर आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवावा. ऐकल्यानंतर कानात गुंजारव राहिला, तर मर्यादा ओलांडली असे समजावे.

परवा कन्येने नवा तुकडा पाठवला. कोणता आवाज कुठे आहे, हे तिने मिनिटांसह लिहून दिले आहे. दवाखाना बंद केल्यावर आम्ही दोघे वीस मिनिटे ऐकत बसतो. दुसऱ्या मिनिटाला जो आवाज येतो तो मला ऐकू येत नाही; तो आला की सौ. बोट वर करतात.