तार तांब्याची, की नुसता मुलामा?

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक विचारते, "सुती आहे ना?" जुना व्यापारी वाद घालत नाही. तो किनारीचा एक धागा काढून काडी लावतो. सुताची मऊ राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. मी आयुष्यभर हेच करत आलो. पण गाडीच्या तारेलाही अशी परीक्षा लागते, हे मला गेल्या वर्षी कळले.

मेडशीहून आमची मालवाहू गाडी आठवडी बाजारांना जाते. मुलाने हौसेने तीत अॅम्प्लिफायर आणि दोन सबवूफर बसवून घेतले. पातूरच्या रस्त्यावर जळका वास आला. बॅटरीची तार पत्र्याच्या भोकात घासून उघडी पडली होती आणि पत्र्याला टेकून लाल झाली होती. वेळीच बॅटरीचे टर्मिनल काढले म्हणून गाडी वाचली. साड्यांचा एक गठ्ठा गेला. अल्लाहचा शुक्र, माणसाला इजा झाली नाही.

फ्यूज होता, पण तो मागे अॅम्प्लिफायरजवळ होता. त्यामुळे बॅटरीपासून तिथपर्यंतच्या तारेला काहीच संरक्षण नव्हते. फ्यूज तारेसाठी असतो. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, आणि तार जेवढा भार झेलते त्याहून मोठा नको. पत्र्याच्या भोकात रबरी बुश हवा. अर्थिंगची तार रंग खरवडून कोऱ्या लोखंडाला घट्ट आवळलेली हवी. ही कामे शंभर-दोनशे रुपयांची आहेत.

मग मी त्या तारेचा धागा ब्लेडने खरवडला. आत पांढरे अॅल्युमिनियम, वर तांब्याचा पातळ थर! कारीगर आपलाच माणूस. तो शपथेवर म्हणाला, "हाजीसाहेब, ठोकवाल्याने तांबे म्हणूनच दिली." मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. पण फसलेल्या माणसाने पुढे माल विकला की फसवणूकही पुढे जाते.

थोडा हिशेब पाहा. अॅम्प्लिफायरने खरोखर ३०० वॅट दिले, तर साध्या बनावटीचे यंत्र बॅटरीकडून सुमारे ५०० वॅट घेते. १२ व्होल्टवर ते ४० अॅम्पिअरच्या वर जाते. घरच्या पंख्याला अर्धा अॅम्पिअरही लागत नाही. मुलाम्याची तार तांब्याच्या मानाने साधारण दोन तृतीयांशच वीज वाहते. तेवढ्याच कामासाठी ती दीडपट जाड हवी. म्हणजे अशी तार विकणे गुन्हा नाही. मी सुतीही विकतो आणि टेरीकॉटही. पण प्रत्येकाला त्याच्या नावाने विकतो.

डब्यावरच्या वॅटचेही असेच आहे. "पीएमपीओ" म्हणून हजारोंचा आकडा छापतात, त्याला ठरलेले माप नाही. खरे माप आरएमएस, म्हणजे यंत्र सतत जे देऊ शकते ते. माझ्या वडिलांच्या काळात गज जाऊन मीटर आला, तेव्हा काही दुकानदारांनी गजाचे कापड मीटर म्हणून मोजले. गजात नऊ सेंटिमीटर कमी भरतात. पीएमपीओ हा आजचा खोटा गज आहे.

ओहमचे गणित न शिकता हे काम करणारी मुले पुष्कळ आहेत. चार ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले, तर अॅम्प्लिफायरला दोन ओहमचा भार दिसतो. एकामागे एक जोडले, तर आठ. यंत्रावर "ब्रिज्ड, कमीत कमी चार ओहम" लिहिले असेल आणि आपण समांतर जोडले, तर ते तापते, बंद पडते, शेवटी जळते. चार सबवूफर असतील तर दोन-दोनच्या माळा करून त्या समांतर जोडाव्यात; भार पुन्हा चार होतो. मल्टिमीटर चारच्या कॉइलवर साडेतीनच्या आसपास दाखवतो. ते बरोबर आहे, माल खोटा नाही. एका डब्याचे अधिक-उणे उलटे लागले, तर एक कागद बाहेर येताना दुसरा आत जातो आणि घुमारा मरतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा; अधिकला अधिक लागल्यावर कागद बाहेर यायला हवा. हे न तपासता गिऱ्हाइकाला मोठे यंत्र घ्यायला लावणारेही आहेत.

काही बांधव म्हणतील, "गिऱ्हाईकच स्वस्त मागते." मागू द्या. दोन्ही तारा त्याच्यापुढे ठेवा, दोन्हींचे भाव सांगा, आणि पावतीवर चार गोष्टी लिहा: तारेचा धातू व जाडी, फ्यूज किती अॅम्पिअरचा, जोडणी किती ओहमची, यंत्राचे आरएमएस वॅट किती. बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा हुजूर (स.) यांनी ओला माल वर का ठेवला नाही, असे त्या व्यापाऱ्याला विचारले होते. पावती म्हणजे ओल वर ठेवणे.

आणखी एक. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. घुमारा भिंत ओलांडून आजाऱ्याच्या खाटेपर्यंत जातो. वरातीसाठी रस्ता हादरवणारी गाडी बनवून द्यायची का, हे कारीगराने मजुरी घेण्याआधी ठरवावे.

अकोल्यापासून वाशीमपर्यंतच्या रस्त्यावर गाड्यांच्या विजेचे काम करणारी आपली कितीतरी मुले आहेत. हाताला सफाई आहे. त्यांना आयटीआयमध्ये पाठवा, ते जमत नसेल तर जाणत्या उस्तादाजवळ बसवा, पण ओहम आणि अॅम्पिअर शिकवा. गिऱ्हाईक आपली गाडी आणि आपली मुलेबाळे त्यांच्या तारेच्या भरवशावर सोडते. ती अमानत आहे. खऱ्या तारेत नफा थोडा कमी पडेल, बरकत कमी पडणार नाही.