लहर उभी की आडवी?

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले आणि तंजावर जिल्ह्यातल्या पट्टुकोट्टै, पेरावुरणी भागातल्या नारळाच्या बागा भुईसपाट झाल्या. विजेचे खांब मोडले, फोन मुके झाले. पडलेला टॉवर आणि गेलेली वीज यांवरचे उपाय वेगळे आहेत. परंतु ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात टॉवर उभा असतो, वीजही असते, आणि तरीही नेमक्या मुसळधारेत जोडणी ढासळू शकते. या दुखण्यावर जवळजवळ फुकटात होणारा एक उपाय आहे आणि कावेरीच्या खोऱ्यात त्याचा आग्रह धरला पाहिजे.

आपल्या हातातल्या फोनपासून टॉवरपर्यंतच्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही, कारण त्यांची वारंवारिता कमी असते. अडचण पुढच्या टप्प्यात येते. जिथे फायबर पोचलेले नाही, तिथे एका टॉवरवरची गोल डिश दुसऱ्या टॉवरवरच्या डिशशी १५, १८ किंवा २१ गिगाहर्ट्‌झवर बोलते. इथे लहरीची लांबी दीड-दोन सेंटीमीटरवर येते आणि पावसाचे टपोरे थेंब तिला शोषू आणि विखरू लागतात.

थेंब चित्रात दाखवतात तसा टोकदार नसतो. बारीक थेंब गोल असतो. मोठा थेंब पडताना हवेच्या दाबाने खालून चपटा होतो आणि आडवा पसरतो. त्यामुळे जिचे विद्युत क्षेत्र आडवे झुलते ती लहर जास्त मार खाते, उभी झुलणारी कमी. लहरीच्या झुलण्याच्या या दिशेलाच ध्रुवण म्हणतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सूत्राने हिशेब केला, तर २० गिगाहर्ट्‌झवर ताशी ५० मिलिमीटर पावसात आडव्या लहरीची दर किलोमीटरला सुमारे ५.७ डेसिबल घट होते, उभीची ४.५. पाच किलोमीटरच्या वाटेवर सगळीकडे तसाच पाऊस असेल, तर हा फरक सहा डेसिबलचा होतो. म्हणजे पलीकडच्या डिशला उभ्या लहरीतून चौपट शक्ती मिळते. त्यासाठी अनेक लिंकवर, म्हणजे दोन डिशमधल्या जोडण्यांवर, करायचे काय, तर डिशच्या मागची रेडिओपेटी ९० अंशांनी फिरवून बसवायची.

दुसरा लाभ याहून मोठा आहे. एकाच वारंवारितेवर उभी आणि आडवी अशा दोन लहरी एकाच वेळी दोन वेगळे संदेश नेऊ शकतात. स्पेक्ट्रम तेवढाच, वहनक्षमता दुप्पट. वाऱ्याने थेंब तिरके झाले की एका लहरीतला संदेश दुसरीत झिरपतो, हे खरे. पण ही सरमिसळ ओळखून वजा करणारी यंत्रणा आज बाजारात मिळते. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ई-बँडमधल्या, म्हणजे ७० ते ८० गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या, प्रत्येकी २५० मेगाहर्ट्‌झच्या दोन वाहिन्या दूरसंचार कंपन्यांना तात्पुरत्या देण्याचे ठरवले. इतक्या वर उभ्या-आडव्यातला पावसाचा फरक थोडाच उरतो, टप्पेही आखूड ठेवावे लागतात. तिथे ध्रुवणाचा खरा उपयोग या दुपटीसाठीच.

हे ज्ञान आपल्याला परके नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात विद्युतलहरींच्या ध्रुवणावर प्रयोग केले. पानापानांत वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रक त्यांनी ध्रुवक म्हणून वापरले, आणि १८९८ मध्ये पिळलेल्या तागाने लहरीची दिशा वळते हे दाखवले. त्यांच्या लहरी पाच मिलिमीटरपर्यंत आखूड होत्या. आज ६० गिगाहर्ट्‌झ म्हणतात, तो हाच प्रदेश.

मात्र वरच्या सूत्रातला गुणांक तंजावरच्या पावसाला जसाच्या तसा लागू होईल, असे मानू नये. तिरुपतीजवळच्या गादंकीत थेंबांच्या आकारमानाची मोजणी झाली, तेव्हा नैर्ऋत्य मोसमी पावसात मोठ्या थेंबांचे प्रमाण ईशान्य मोसमी पावसापेक्षा अधिक आढळले. म्हणजे तंजावरला मुख्य पाऊस देणाऱ्या ऋतूचे थेंबच निराळे. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या कोकणासाठी केलेला हिशेब तंजावरला चालणार नाही, तंजावरचा कोकणात चालणार नाही. म्हणून खोऱ्यातच थेंबमापक बसवावेत. तंजावर आणि तिरुचिरापल्लीच्या तंत्रशिक्षण संस्थांनी हे काम हाती घ्यावे, आणि कोणती लिंक किती पावसात किती वेळ बंद पडली याची नोंद कंपन्यांनी त्यांना द्यावी. तोवर नियम साधा असावा: एकच लहर असलेली लांब पल्ल्याची लिंक उभीच, आणि आडवी ठेवायची तर शेजारच्या लिंकचा अडथळा टाळण्यासारखे कारण लेखी नोंदवून.

पट्टुकोट्टैजवळच्या किनाऱ्यावर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८१४-१५ मध्ये बांधलेला आठ मजली ‘मनोरा’ आजही समुद्राकडे तोंड करून उभा आहे. त्याच किनाऱ्यावरून मल्लिपट्टिनमच्या होड्या समुद्रात जातात, आणि वादळ येत असल्याची खबर घरच्यांना आज फोनवर मिळते. ती पोचायला हवी तेव्हाच पाऊस सर्वांत जोराचा असतो. त्या एका तासासाठी डिशमागची पेटी योग्य दिशेला बसवलेली असणे, हा या किनाऱ्यावरच्या लोकांचा हक्क आहे.