गावाला दुकान नको असेल तर

मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दारूचं दुकान राहू द्या. आडवी बाटली म्हणजे बंद करा. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की हे गुप्त मतदान घेता येतं. पण दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे त्या दिवशी ऊसतोडीला गेलेली, माहेरी असलेली, मरूनही यादीत नाव राहिलेली, या सगळ्या दुकानाच्याच बाजूने धरल्या जातात. आमदार निवडताना अशी अट कुणी घालत नाही!

नुसत्या बंदीनेही भागत नाही. चंद्रपुरातली २०१५ची दारूबंदी अवैध विक्री वाढल्याचं कारण देऊन २०२१ मध्ये उठवली गेली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे आणि २०१६ पासून तिला ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती अभियानाच्या गावसंघटनांची, व्यसनोपचाराची जोड मिळाली. स्कॉटलंडने २०१८ मध्ये वेगळा मार्ग धरला : मद्यार्काच्या प्रमाणानुसार किमान किंमत. थेट दारूमुळे होणारे मृत्यू त्याने सुमारे १३ टक्क्यांनी घटले, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे.

आणि दारूच्या कंपन्या? दारूच्या जाहिरातींवर बंदी आली, तर दारूच्याच नावाने सोडा आणि गाण्यांच्या सीडी टीव्हीवर झळकल्या. ही शुद्ध पळवाट आहे.

निदान गावातल्या दुकानाच्या मतदानाचा निकाल तरी प्रत्यक्ष पडलेल्या मतांवर लावावा, ही मागणी वाचकांनी आपल्या आमदारांकडे लेखी करावी.