डांबर पडण्याआधी

बडोद्याच्या रावपुऱ्यात सायकलींसाठी कठड्याने राखलेली वेगळी वाट हवी, असं म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘अहो, इथे माणसाला चालायला जागा नाही, तुम्ही सायकलींचं काय घेऊन बसलात?’ उत्तर देणाऱ्याची स्कूटर तेव्हा बहुधा दुकानाच्या पायरीला लागलेली असते.

जागा नाही हे कबूल. पण ती खाल्ली कुणी? रस्त्याच्या कडेला लावलेली मोटार साधारण दोन मीटर रुंदी अडवते. दोन्ही कडांना रांगा लागल्या की चार मीटर गेले, आणि उरलेल्या पट्ट्यात रिक्षा, लारी, बस, पादचारी आणि सायकलवाला यांनी आपसांत काय ते पाहून घ्यायचं. एका दिशेच्या सायकलमार्गाला दोन मीटर पुरतात. म्हणजे एका बाजूची रांग उठली तरी एका दिशेची सोय होते. उलट दिशेची वाट दांडिया बाजाराकडून नेता येईल का, हे टेप लावून ठरवावं. अरुंदपणाचं कारण पुढे करणारे बहुतेक जण आजची वाटणी तशीच राहावी एवढंच मागत असतात, आणि या वाटणीत उभ्या गाडीचा हिस्सा चालत्या माणसापेक्षा मोठा आहे.

‘जुना, ऐतिहासिक रस्ता आहे, त्याला हात लावू नका,’ हा दुसरा आक्षेप. रावपुऱ्यातल्या टॉवरकडे बोट दाखवून तो घेतला जातो म्हणून त्याची गंमत वाटते. महाराज सयाजीरावांच्या पहिल्या राणी चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ 1896 मध्ये हा टॉवर उभा राहिला, आणि गायकवाडी अमदानीत घोड्यांच्या ट्रामचा थांबा तिथेच होता. ज्या वाहनातून सगळ्यांना जाता येईल, त्याला रस्त्यात हक्काची जागा द्यायची, ही रावपुऱ्याची जुनी रीत आहे. मोटारींची अखंड रांग ही त्यामानाने कालपरवाची गोष्ट.

‘सायकल आता चालवतो कोण?’ असंही विचारतात. 2011 च्या जनगणनेत कामावर जाणाऱ्यांना प्रवासाचं साधन विचारलं होतं. शेतीकाम आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के लोक देशभरात सायकलने जात होते. आपल्याला ते दिसत नाहीत, कारण ते सकाळी लवकर येतात, दुकानांची शटरं उघडतात आणि रात्री शटरं पाडून परततात. आपण खरेदीला निघतो तेव्हा त्यांच्या सायकली मागच्या गल्लीत उभ्या असतात.

सर्वांत भक्कम आक्षेप पुण्या-मुंबईचे दाखले देतो, आणि त्याला उडवून लावणं बरोबर नाही. बांद्रा-कुर्ला संकुलातला सायकलमार्ग पार्किंगखाली बुडाला. पवई तलावाकाठचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये बेकायदा ठरवून काढायला लावला. पुण्याने केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेच्या काळात मार्ग केले. ते चौकात संपत, मध्येच खांब किंवा विजेची डीपी आडवी येई, आणि गर्दीच्या वेळी दुचाकीवाले त्यांवर चढत. 2017 मध्ये महापालिकेने शहरभरासाठी सायकल आराखडा मंजूर केला, तो बराचसा कागदावरच राहिला. हे सगळं खरं. पण यातून ‘सायकलमार्ग चालत नाहीत’ असं निघत नाही. तुटक, कठड्याविना केलेले आणि हौसेपुरते आखलेले मार्ग चालत नाहीत, एवढंच निघतं. स्पेनमधल्या सेव्हियात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्या शहराने 2006 नंतर काही वर्षांतच एकमेकांना जोडलेलं, कठडाबंद जाळं उभारलं आणि तिथल्या सायकलफेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. बडोद्याच्या उन्हाची सबब सांगणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

दुकानदारांची भीती खोटी नाही. गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार? टोरांटोच्या ब्लूर रस्त्यावर 2016 मध्ये हीच ओरड झाली होती. मार्ग झाल्यावर तिथे अभ्यास केला गेला, तेव्हा गिऱ्हाइकांच्या फेऱ्या आणि खर्च दोन्ही वाढलेले आढळले. टोरांटो म्हणजे रावपुरा नव्हे, हे मान्य. पण रावपुऱ्यात दुकानासमोर दिवसभर उभी असणारी दुचाकी गिऱ्हाइकाची असते की मालकाची, हे दुकानदारांनी एकदा आपसांत मोकळेपणी बोलावं.

या सगळ्यावर पैशाचा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर फेरडांबरीकरणात आहे. नवा थर पडतो तेव्हा जुने पट्टे पुसले जातात, वाहतूक वळवावीच लागते, यंत्रं आणि मजूर रस्त्यावर असतातच. रस्त्याची वाटणी बदलायची तर ती तेव्हाच स्वस्तात होते. अमेरिकेतल्या केंब्रिजने 2019 मध्ये तसा स्थानिक कायदाच केला: नियोजित रस्ते नव्याने बांधताना राखीव सायकलमार्गही करायचा. आपल्याकडे मात्र थरावर थर चढतो, जुन्या घरांचे ओटे खाली जातात आणि नेहमीच्या पावसाचं पाणी उंबऱ्यात येतं. 2019 आणि 2024 च्या पुरांचं खापर डांबरावर फोडता येणार नाही, ते विश्वामित्री नदीचं प्रकरण आहे. पण जुना थर खरवडून मगच नवा टाकायचा, एवढं पाळलं तरी उंबरे वाचतील. तमिळनाडू सरकारने 2021 मध्ये असा आदेश काढला आहे.

मिरवणुकांच्या आक्षेपाला मात्र माझा काही अंशी होकार आहे. गणपतीच्या दिवसांत पक्का कठडा अडचण करेल. तिथे बोल्टने काढता-घालता येणारे खांब हवेत. काही तुकडे खरोखरच इतके चिंचोळे निघतील की मार्ग बसणार नाही. तिथे तो कोंबू नये, सगळ्यांचाच वेग उतरवावा.

2021 मध्ये केंद्राच्या ‘सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत विजेत्या ठरलेल्या 11 शहरांत बडोदे होतं, नागपूर आणि पिंपरी-चिंचवडबरोबर. शहरामागे एक कोटीचं बक्षीस होतं. महानगर सेवासदनाने, म्हणजे बडोद्याच्या महापालिकेने, रावपुऱ्याच्या पुढच्या डांबरीकरणाच्या निविदेत तीन बाबी घालाव्यात: खरवडाई, कठडा, आणि कठड्यात पाणी वाहून जायला फटी. त्या खर्चाला नकार देताना निदान ‘आमच्याकडे सायकल कुणी चालवत नाही’ असं सेवासदनाला म्हणता यायचं नाही.