फणसोंबा : नावापलीकडची ओळख

कोकणात जुन्या फणसाच्या खोडावर वाढणारे, लाकडासारखे कठीण आळंबे ‘फणसोंबा’ नावाने परिचित आहे. मुखपाक व लालास्रावात ते सहाणेवर उगाळून लावण्याची परंपरा असून, आपल्यापैकी अनेक वैद्य ते बालरुग्णांसाठी योजतात. म्हणूनच बाजारातील फणसोंब्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हास अगत्याचे वाटते.

मध्यंतरी आम्ही मागविलेल्या एकाच पिशवीत तीन प्रकारचे तुकडे निघाले : काही जड व गंजाच्या रंगाचे, काही लाखेसारखी चकाकी असलेले, तर काही पातळ व आतून पांढरे. विक्रेत्याचे उत्तर एकच, ‘सारे फणसाचेच आहे.’ ते खरेही असेल; परंतु तेवढ्याने द्रव्यनिश्चिती होत नाही.

सुश्रुताचार्यांनी उद्भिद शाकांचे भेद पेंढा, ऊस, शेण, वेळू व भूमी या उत्पत्तिस्थानांवरून सांगितले. अधिष्ठान महत्त्वाचे, यात शंका नाही. तथापि एकाच जुन्या वृक्षावर अनेक जातींची आळंबी वाढतात, हेही तितकेच खरे.

अभ्यासकांनी फणसोंबा ‘फेलिनस’ गटातील मानला आहे. हे आळंबे बहुवर्षायू असते; त्याची पाठ खरखरीत, बहुधा भेगाळलेली, खालची बाजू सूक्ष्म छिद्रांची व आतील गर पिवळसर ते गंजासारखा तपकिरी असतो. गरावर कॉस्टिक पोटॅशच्या सौम्य द्रावाचा थेंब टाकताच तो काळा पडतो. पांढऱ्या गराचे तुकडे येथेच बाद होतात. लाखेची चकाकी असलेले बहुधा ‘गॅनोडर्मा’ असते. तेही औषधी म्हणून प्रसिद्ध असले तरी ते फणसोंबा नव्हे. या परीक्षेने केवळ गट कळतो. जातिनिश्चितीसाठी सूक्ष्मदर्शक व तज्ज्ञ हवेच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. अशा संस्थांचे साहाय्य आपण का घेऊ नये?

औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती आहे की, फणसोंबा चूर्णरूपात न घेता अखंड घ्यावा, कारण चूर्ण झाल्यावर यातील बरीच लक्षणे नष्ट होतात. पिशवीवर वृक्ष, स्थान व संग्रहाचा महिना यांची नोंद असावी. वैद्यांनीही त्या नोंदीवाचून माल स्वीकारू नये.

जे द्रव्य आपण तान्ह्या बालकाच्या जिभेवर ठेवतो, त्याची ओळख विक्रेत्याच्या शब्दावर सोडणे वैद्यास शोभणारे नाही.