रस्ता सर्वांचा, वर्गणी कोणाची?

भातसेच्या काठच्या सापगावापासून मुरबाडपर्यंतच्या पट्ट्यात गावातील गल्ल्यांचा प्रश्न दर पावसाळ्यात नव्याने उभा राहतो. ग्रामपंचायतीला येणारा निधी सर्व आळ्यांना पुरत नाही. मग एक सोपी सूचना पुढे येते : ज्यांच्या दारावरून रस्ता जातो, त्यांनी खर्चाचा काही भाग उचलावा. या सूचनेत तत्त्वतः गैर काही नाही. परंतु ही वर्गणी दर उंबऱ्यामागे सारखी असावी की ऐपतीप्रमाणे, हा प्रश्न विचारण्याचे मात्र टाळले जाते. न्याय-अन्यायाचा निवाडा नेमका तेथेच होतो.

सारखी वर्गणी म्हणजे समता, हा समज फसवा आहे. समजा, एका गल्लीसाठी एक लाख रुपये लोकांकडून उभे करावयाचे आहेत आणि गल्लीत पंचवीस मालमत्ता आहेत. सारख्या वाटणीने प्रत्येकाच्या वाट्याला चार हजार येतील. शेतमजुराच्या घरी ही कित्येक दिवसांची मजुरी आहे. शनिवार-रविवारपुरत्या उघडणाऱ्या बंगल्याच्या मालकाला ती जाणवणारही नाही. आता त्या पंचवीसांपैकी पाच बंगल्यांकडे एकूण मालमत्तेच्या मूल्याचा चार-पंचमांश भाग आहे असे धरले आणि मूल्याच्या प्रमाणात वाटणी केली, तर बंगल्यांना प्रत्येकी सोळा हजार आणि उरलेल्या वीस घरांना प्रत्येकी एक हजार येतात. रस्ता तोच, रक्कमही तीच. बदलतो तो फक्त न्याय.

हे तत्त्व कोणा समाजवाद्याने आज शोधून काढलेले नाही. खासगी रस्त्याची बांधणी व निचरा त्यालगतच्या मालकांकडून करवून घेण्याची तरतूद १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने याहून पुढचे पाऊल टाकले. सार्वजनिक योजनेमुळे जमिनीचे मूल्य वाढले, तर त्या वाढीच्या निम्म्यापर्यंतचा अंशदानाचा भार मालकावर टाकता येईल, असे त्या कायद्याने ठरविले. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानेही ते सूत्र कायम ठेवले. परकीय सरकारला जे मान्य होते, ते स्वराज्यातील ग्रामसभेला जड का वाटावे?

शहापूर तालुक्यात हा प्रश्न आता विशेष तातडीचा झाला आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, आणि तो याच तालुक्यातून जातो. भातशेतीची जमीन भूखंड म्हणून विकण्याचा व्यवहार त्याआधीपासूनच चालू आहे. गल्लीत काँक्रीट पडले की भूखंडाचा भाव चढतो. भाडेकरूचे मात्र भाडे चढते. मालकाने घाम न गाळता जी वाढ मिळविली, तिच्यातील वाटा गावाने मागणे हा हक्क आहे, याचना नव्हे.

यासाठी नवे मोजमापही शोधावयास नको. २०१५ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीनंतर ग्रामपंचायतींची घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारली जाते आणि मोकळ्या जागेवरही कर बसतो. आकारणीची नोंदवही पंचायतीच्या दप्तरात असते. तिच्या आधारे वर्गणीचे प्रमाण ठरवावे आणि सर्वांसमोर वाचून दाखवावे. तथापि वर्गणी म्हणजे कर नव्हे, हेही विसरता कामा नये. ती न दिल्याबद्दल एखाद्या गरिबाचा दाखला अडवून ठेवणे, याला लोकसहभाग नव्हे, खंडणी म्हणतात.

सर्वांत मोठा धोका याहून वेगळा आहे. शहापूर तालुका संपूर्णपणे, आणि मुरबाडची काही गावे, अनुसूचित क्षेत्रात मोडतात. येथील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत वर्गणीचा ठराव होतो, तेव्हा त्यांचे हात दुसऱ्यांच्या घरांच्या विटा पाडीत असतात. त्यांची झोपडी कित्येकदा दुसऱ्याच्या जमिनीवर असते. कागदोपत्री ते मालमत्ताधारकच नसतात. मालकांच्या वर्गणीवर उभा राहिलेला रस्ता मालकांच्या दारापाशीच संपतो, आणि पाड्यावरचा चिखल जसाच्या तसा राहतो.

म्हणून वर्गणी ही शासनाची सुटका होऊ देता कामा नये. भातसेचे पाणी मुंबई पिते. त्या मुंबईने खेड्याच्या रस्त्याला हातभार लावणे हे उपकार ठरत नाहीत. महाराष्ट्राने हे एकदा करून दाखविले आहे. १९७५ च्या व्यवसाय कराने शहरातील पगारदारांकडून पैसा घेतला आणि १९७९ पासून अमलात आलेल्या रोजगार हमी कायद्याने तो ग्रामीण मजुराच्या हाताला काम देण्यासाठी वापरला. त्या कामांतून तळी झाली, बांध झाले, रस्तेही झाले.

तेव्हा ग्रामसभेत चार अटी आग्रहाने मांडल्या पाहिजेत. सरकारी निधीतून पहिला रस्ता पाड्याला मिळावा. वर्गणी मूल्याच्या प्रमाणात असावी आणि बाहेरगावच्या भूखंडमालकास तीतून सूट नसावी. भूमिहीनांकडून पैसा घेऊ नये. कोणी स्वखुशीने श्रमदान केले, तर ते किमान वेतनाच्या दराने त्याच्या नावे मांडावे. आणि हा ठराव पंधरा ऑगस्टच्या सभेत व्हावा, पाड्यावरची माणसे गावात असताना. या अटी मान्य नसतील, तर वर्गणीचे नाव लोकवर्गणी ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.